मायूची खाट राखणाऱ्या मॅडम

भट्टी पेटलेली असली की मामा फोन उचलू देत नाहीत. मुशीत गिऱ्हाइकाचं जुनं सोनं वितळत असतं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, आणि आपली नजर इकडंतिकडं झाली की त्याच्या मनात नको ते येतं. त्यामुळं त्या दुपारी फोन खिशात थरथरत राहिला आणि मी मूस उतरेपर्यंत त्याला हात लावला नाही. मग बाहेर गल्लीत येऊन बघितलं तर काशीमावशींचे फोनावर फोन. काशीमावशी म्हणजे सोलापूरच्या आमच्या मायूच्या शाळेत स्वयंपाक करतात त्या. त्या मला कधी फोन करत नाहीत. कोइमतूरच्या त्या गल्लीत सगळे तमिळ बोलतात, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो आणि फोन लावला. मावशी म्हणाल्या, "बिराप्पा, सुमंगला मॅडम आपल्याला सोडून गेल्या रे बाळा... सकाळीच." माझ्या तोंडातून आलं ते एवढंच, "मायू जेवली का?" मावशींना त्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न कळला. त्या म्हणाल्या, "जेवली की. आणि खाट हाय तिची, तू काळजी करू नको. आत्ता तरी हाय."

ते 'आत्ता तरी' घेऊन मी परत भट्टीपुढं बसलो. त्याला आता काही आठवडे झाले, अजून ते उतरलेलं नाही.

मायव्वा माझी धाकटी बहीण. आम्ही तिला मायू म्हणतो. आम्ही मंगळवेढ्याच्या बाजूचे, मेंढरं राखणारे. मायू चालायला उशिरा लागली, बोलायला तर लागलीच नाही म्हटलं तरी चालेल, दोनचार शब्द येतात. पण पाय सुटले तेव्हापासून ती थांबायची नाही. विहीर दिसली की विहिरीकडं, रस्ता दिसला की रस्त्याकडं. आई-आप्पा मेंढरांमागं, म्हणून आईनं तिच्या कमरेला दोर बांधला होता आणि दुसरं टोक खुंटीला. कुणी नावं ठेवायचे. पण ज्यांनी नावं ठेवली त्यांनी कधी एक दिवस तिला सांभाळलं नाही. शेवटी मला शाळेतून काढलं, आठवीत. मी हुशार होतो असं काही म्हणणार नाही, पण मला शाळा आवडायची, गणित जास्त. मग दिवसभर मी आणि मायू. दोर माझ्या हातात.

सरकारी दवाखान्यात तिचा दाखला काढायला गेलो तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं की सोलापुरात विजापूर रोडच्या आत अशा मुलांची राहण्याची शाळा आहे, तिथं अधीक्षिका सुमंगला मॅडमना भेटा. आम्ही गेलो. मॅडम तेव्हा पन्नाशीच्या असतील. जाड भिंगाचा चष्मा, पांढरी होत आलेली वेणी, पायात पुरुषी चपला. आईशी त्या सरळ कानडीत बोलायला लागल्या. आमच्या आईला मराठीपेक्षा कानडी सोपं, ती अक्कलकोटच्या पलीकडची. एवढ्यानंच आई अर्धी सैल झाली. पण जे बोलल्या ते चांगलं नव्हतं. खाट नाही म्हणाल्या.

त्या जागेला खाटच म्हणायच्या. पुढं कधीतरी त्यांनी मला ते नीट समजावून सांगितलं. सरकार शाळेला मुलांचा आकडा ठरवून देतं. त्या आकड्यातल्या मुलाला अनुदान, म्हणजे त्याचं जेवण, कपडे, औषधपाणी सरकारकडून. आकड्याच्या बाहेरचं मूल घेतलं तर त्याचा घास आतल्या मुलांच्या ताटातून काढायचा. "तसं मी एकदा केलं होतं," त्या म्हणाल्या होत्या. "महिनाभरात सगळीच मुलं सुकली. परत नाही केलं." त्यांच्या दारात आमच्यासारखे कितीतरी येऊन जायचे आणि त्या प्रत्येकाला नाही म्हणायच्या. हे काम सोपं नसणार... मला तेव्हा फक्त राग आला होता. परत निघताना त्या फाटकापर्यंत आल्या, आईच्या मनगटाला गुंडाळलेला दोर त्यांनी बघितला आणि माझा नंबर मागून घेतला. माझा, आप्पांचा नाही.

वर्ष होऊन गेलं. आम्ही आशा सोडली होती. मग एक दिवस फोन. "बिरू ना? एका मुलाला अठरा पूर्ण झाली, खाट मोकळी झालीय. उद्या घेऊन ये. परवा आणलीस तर मला काही करता येणार नाही." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही हजर. मायू शाळेत राहिली आणि माझ्या हातातला दोर सुटला. मॅडम म्हणाल्या, "आता तू शाळेत जा." पण तोपर्यंत माझ्या बरोबरीची पोरं पुढं निघून गेली होती आणि मामा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात माणूस शोधत होते. मी कोइमतूरला आलो. आज चार पैसे घरी जातात, घरावर पत्रा आहे, ते त्या एका खाटेमुळं. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो. शाळेतले सर म्हणाले, मॅडमबद्दल पुरवणीत लिही, तू लिहिलंस तर खरं होईल. माझे आप्पा वर्तमानपत्र वाचत नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

दोनेक वर्षांनी दिवाळीला मी गावी आलो होतो. मायूही सुट्टीला घरी. तिचे केस कापलेले होते, अगदी मुलासारखे. मुलींच्या खोलीत उवा झाल्या म्हणून शाळेत सगळ्यांचेच कापले होते. पण मायूचे केस मायाक्का देवीला बोललेले होते. पोर वाचली तर हिचे केस तुझ्या पायाशी आणून वाहू, असं आईनं मायू अंगावर पीत असताना फार आजारी पडली तेव्हा बोललं होतं, आणि ते वाहायचे राहिले होते. आता देवीचं देणं कुणीतरी कात्रीनं कापून उकिरड्यावर टाकलं. आप्पा कुणावर ओरडले नाहीत. ते जत्रेत गेले, आमच्या बिरोबापुढं फुलांचा कौल लावला, पोरीला परत पाठवू का? डावा कौल आला, म्हणजे नको. झालं. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आणि आप्पा मेंढरं घेऊन मंद्रूपकडं निघाले. तिथल्या एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मायूही बरोबर. दोर परत निघाला.

मी तिथंच होतो तेव्हा मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "बिरू, मायू कुठाय? उद्या तपासणी आहे. ज्या खाटेवर मूल नाही ती खाट कमी करणार म्हणतायत. एकदा कमी झालेली खाट परत आलेली मी अजून बघितली नाही." मी केसांचं सांगितलं, कौलाचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मंद्रूपच्या कुठल्या बाजूला आहात?"

दुपारी त्या वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून फाट्यावर उतरल्या आणि काढलेल्या ज्वारीच्या... नाही, तेव्हा ज्वारी उभी होती, सोयाबीन काढलेल्या रानातून ढेकळं तुडवत आल्या. मेंढरं बसलेली, कुत्री अंगावर धावली, त्या थांबल्या नाहीत. मायूनं त्यांना लांबून ओळखलं आणि दोराला हिसके द्यायला लागली. मला त्या हिसक्यांचा आवाज आजही येतो... खुंटी हलायची तो.

आप्पांनी घोंगडी टाकली. मॅडम बसल्या आणि पहिलंच म्हणाल्या, "दादा, केस मी कापायला सांगितले. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

आप्पांना हे अपेक्षित नसावं. ते म्हणाले, "केस कुटं हायत?"

"नाहीत. टाकले गेले."

"मग देवीला काय दिऊ मी? तुमची चूक म्हणून सांगू का तिला?"

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "माझं नाव सांगा."

आप्पा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "बाई, तुमी मोठ्या मनाच्या हाव. पण देवानं डावा दिलाय. आता माज्या हातात काय न्हाय." मी मधे पडलो, म्हटलं आप्पा, उद्या ती नसली तर तिची जागाच जाईल, परत मिळणार नाही. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू सोनं वितळीव. हितं देवाचं चाललंय." मॅडमनी मला हातानं गप्प केलं. त्या म्हणाल्या, "दादा, मी देवाच्या आड येत नाही. पण तेव्हा केस बघून तुमच्या पोटात आग होती. आता मी समोर आहे, जे झालं ते तुम्हाला सगळं कळलंय. आता विचारा परत. जे येईल ते मी ऐकीन."

आप्पा उठले. आमचा देव वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या तळावर, बरोबरच असतो, शेंदूर लावलेला दगड, घोंगडीत गुंडाळलेला. तो त्यांनी बाहेर काढून मांडला, पाणी घातलं, बांधावरच्या झेंडूची दोन छोटी फुलं दगडाच्या दोन खांद्यांवर चिकटवली. उजवं पडलं तर जाऊ दे, डावं पडलं तर राहू दे. आणि आम्ही बसलो.

फूल पडेना. ना उजवं ना डावं. वारा नव्हता. एक मेंढी शिंकली तर आम्ही सगळे दचकलो. शेवटची जीप ऊन कलतं तेव्हा निघते, ते मला माहीत होतं, मॅडमनाही माहीत होतं. त्या एकदाही घड्याळाकडं बघत नव्हत्या, म्हणून मला जास्त भीती वाटत होती. आईनं चहा केला, तो गार झाला. मी मनात त्या उजव्या फुलाला हात जोडले, शिव्या दिल्या, परत हात जोडले. आप्पांनी डोळे मिटले होते. सावली दगडाच्या पलीकडं गेली तरी दोन्ही फुलं जागच्या जागी. आई मायूला घास भरवायला उठली, दोर सोडला, भाकरी आणायला वळली. तेवढ्यात मायू उठली, सरळ देवापाशी गेली, एका बाजूचं फूल उचललं आणि मॅडमच्या वेणीत खोवलं.

आप्पांनी डोळे उघडले. दगडावर एक फूल, एक मॅडमच्या केसांत.

"उजवंच हाय," आई म्हणाली.

"आपलं उजवं का देवाचं?" आप्पांनी विचारलं.

"देवाचं. तू तिकडं तोंड करून उबा ऱ्हा, मग कळंल." आमची आई आप्पांपुढं एरवी असं बोलत नाही. मग ती कानडीत काहीतरी पुटपुटली आणि मराठीत म्हणाली, "त्यानं न्हाय टाकलं, पोरीच्या हातानं दिलं. अजून काय पायजे तुला? का आता दुसरा देव बगायचा?"

मला वाटलं आता आप्पा नाही म्हणणार. मग त्यांनी मायूच्या कपाळाला भंडारा लावला, मॅडमच्याही लावला, आणि म्हणाले, "घेऊन जावा. पण केस वाढू द्या."

"एकही कापणार नाही," मॅडम म्हणाल्या. आणि नाही कापले. त्यानंतर त्या स्वतः रोज फणीनं मायूचं डोकं बघायच्या. पुढं केस कमरेपर्यंत आले तेव्हा आम्ही ते मायाक्काला वाहून आलो.

जीप मिळाली, अगदी शेवटची. मागच्या सीटवर मायू मधे, आम्ही दोघं दोन्हीकडं. फाटा मागं पडल्यावर मॅडमनी वेणीतलं फूल काढून हातात घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "बिरू, ही रोज सकाळी असंच करते. शाळेत कण्हेरीचं झाड आहे, पहिलं फूल माझ्या केसांत. तुझ्या आप्पांना सांगू नकोस हं." आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. तेव्हा मला कळलं की त्या रानात त्या माझ्याइतक्याच भ्यालेल्या होत्या. मी आप्पांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. आणि खरं सांगू... आपण कोण ठरवणार देवानं काय केलं आणि मायूनं काय.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतच थांबलो होतो. तपासणीचे साहेब खोलीत आले तेव्हा प्रत्येक मूल आपापल्या खाटेवर बसलेलं. साहेब मायूपुढं थांबले, नाव विचारलं. तिनं त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि त्यांनाच परत दिलं. साहेब जरा हसले आणि पुढं गेले. मायूची खाट राहिली. पण मुलांच्या खोलीत दोन खाटा रिकाम्या होत्या. एकाचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि त्याला बरोबर घेऊन गेले होते. दुसरा कुठं होता ते कळलंच नाही, मॅडमचे लोक दोन गावं हिंडून आले होते. त्या दोन खाटा कमी झाल्या. मी आनंदात होतो, मॅडमना सांगायला गेलो की मायूचं काम झालं. त्या त्यांच्या खोलीत बसून होत्या, ताट झाकलेलं. म्हणाल्या, "हो रे, झालं. तू जेवून घे." त्या दोन खाटांवर नंतर कुणाची मुलं आली नाहीत, कारण खाटाच नव्हत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना शेवटचं भेटलो. किडनीचा आजार होता, डायलिसिसवरून आलेल्या, हाताला पट्टी. आणि तरी टेबलावर फायलींचा ढीग. मायूला अठरा पूर्ण व्हायला आलीत. त्यानंतर शाळेची खाट तिला मिळत नाही, जशी ती तिला मिळाली तशीच ती कुणाला तरी द्यावी लागते. मोठ्या मुलामुलींसाठी कार्यशाळा असते, तिथं मेणबत्त्या, फाइली, द्रोण बनवायला शिकवतात, राहायचीही सोय. पण तिथल्या खाटांना अनुदानाची मंजुरी यायची होती. मॅडम म्हणाल्या, "प्रस्ताव गेलाय. माझ्या मागं लागण्यापेक्षा साहेबांच्या मागं लागावं लागतं, ते मी करते. तू तिकडं मन लावून काम कर." मी विचारलं, तुम्हाला बरं नाही तर दुसरं कोण जाणार? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मायू दारात उभी होती. मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या फ्रॉकचं वरचं बटण लावलं. मग म्हणाल्या, "हे तिचं तिला लावायला शिकवलंय. पण मी असले की लावत नाही, आळशी."

त्या गेल्यानंतर मला लगेच निघता आलं नाही. निघालो तेव्हा मामांनी थोडीच सुट्टी दिली, परतीचं तिकीटही काढून दिलं. आप्पा भेटले, आई भेटली, मायू भेटली. मायू मॅडमना शोधते का, हे मी काशीमावशींना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. परतीच्या दिवशी सकाळी मी खाटांची मंजुरी देणाऱ्या साहेबांच्या कार्यालयात गेलो. मला अशा ठिकाणी फार भीती वाटते. आठवी शिकलेला माणूस, कुठल्या खिडकीला जायचं, कुणाला साहेब म्हणायचं, कुणाला भाऊ. मी भिंतीकडच्या खुर्चीवर टेकलो, तर एक म्हातारे शिपाई आले, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. "कुणाकडचं काम?" मी शाळेचं नाव सांगितलं, मायूचं सांगितलं, मोठ्या मुलींच्या खाटांचा प्रस्ताव म्हटलं.

"सुमंगला बाईंकडनं आलाव का?"

"त्या..."

"कळलं मला. हितं नका बसू. ह्या बाकड्यावर बसा."

ते बाकडं विचित्र जागी होतं, भिंतीला सोडून, वाटेत, साहेबांच्या दारासमोर तिरपं. लोक त्याला वळसा घालून जात होते. अण्णा म्हणाले, "तिकडं भितीकडं बसलं की साहेब मागल्या दारानं कवा गेले ते कळत न्हाय. बाईंनी हे असं ओढून घेतलेलं. हितनं दोनी दारं दिसतेत. लई भांडले लोक, वाटेत हाय म्हनून. बाई म्हनायच्या, मला पाय लागले तर चालतंय, तुमी जावा वलांडून." आणि त्यांनी वरचा पंखा सुरू केला, न विचारता.

मी बसलो. खरंच दोन्ही दारं दिसतात. दुपारी साहेब मागच्या दाराकडं निघाले तेव्हा मी उठून आडवा गेलो. माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मायव्वाचं नाव सांगितलं, अठराचं सांगितलं, खाटेचं सांगितलं. साहेब वाईट बोलले नाहीत. फाइल वर जायची आहे, एका सहीसाठी थांबलीय, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी भट्टीपुढं असणार होतो. गाडी संध्याकाळची होती. मी बाहेर येऊन मामांना फोन केला आणि सांगितलं, मी येत नाही, सही झाली की येतो. मामा चिडले. माझ्या जागी दुसरा माणूस बघावा लागेल म्हणाले. बघा म्हटलं.

परत आत आलो तर झाडणाऱ्या बाईनं फरशी पुसायला बाकडं भिंतीकडं सरकवलेलं. फरशी वाळेपर्यंत मी उभा राहिलो. मग अण्णांनी एक टोक धरलं, मी दुसरं. जड आहे ते, सागवानी असावं. आम्ही ते उचलून परत दारासमोर तिरपं आणून ठेवलं, आणि मी त्याच्यावर बसलो.